चार पट्ट्यांचा हुकूम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान नेमाने उतरू लागले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले होते. पावसाची वाट बघण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, ते लोक आता विमानाची वाट बघू लागले. विमानाइतकेच कुतूहल त्यातून उतरणाऱ्या माणसांचे. पांढरा सदरा, काळी टाय, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेला एक साहेब. मागे एकसारख्या पोशाखातल्या, एकसारखा अंबाडा घातलेल्या, एकसारख्या चाकाच्या पेट्या ओढणाऱ्या मुली.

त्या भागातल्या एका शाळेत मी कविता वाचायला गेलो होतो. वाचन संपल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. कवितेबद्दल काही विचारील असे वाटले. तिने विचारले, ‘सर, विमानातल्या मॅडमनी काय घालायचं, हे कॅप्टन ठरवतो का?’

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. पण हा प्रश्न विमानाचा कमी आणि हुकुमाचा जास्त आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याबद्दल हुकूम करायचा, तो कोणत्या अधिकाराने आणि कुठपर्यंत? तो शोधत जाताना मी विमानतळावरून थेट बंदरावर पोचलो.

कारण विमानाला स्वतःची भाषाच नव्हती. जी होती ती जहाजाची उसनी घेतलेली. कॅप्टन, क्रू, केबिन, स्टुअर्ड, पर्सर हे सगळे शब्द समुद्रावरचे. विमानाचा वेग अजूनही नॉटमध्ये मोजतात. सुरुवातीचा वैमानिक मात्र जहाजी दिसत नसे. चामड्याचा कोट, डोळ्यांवर मोठा चष्मा, गळ्यात मफलर, हाताला ग्रीसचे डाग. सर्कशीत मोटारसायकल चालवणाऱ्यासारखा तो दिसे. अशा माणसाच्या मागे बसून प्रवास करायला पैसे देऊन कोण येणार? १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या पॅन अमेरिकन कंपनीने यावर तोड काढली. तिची विमाने पाण्यावर उतरणारी होती. तिने वैमानिकांना आरमारी अधिकाऱ्यांसारखा गडद निळा कोट, सोनेरी पट्ट्या आणि पांढरी टोपी दिली आणि त्यांना ‘कॅप्टन’ म्हणायला सुरुवात केली. जहाजाच्या कप्तानाच्या हाती जीव सोपवायची लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. ती सवय कंपनीने त्या कोटाबरोबर विकत घेतली. पुढे जगभर तोच रिवाज पडला, कप्तानाला चार पट्ट्या आणि शेजारच्या सहवैमानिकाला बहुतेक ठिकाणी तीन.

पट्ट्यांवरून एक गंमत आठवते. आपल्याकडे ‘पट्टेवाला’ म्हणजे कचेरीतला शिपाई. त्याच्या छातीवर आडवा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. पट्टा दोघांनाही हुकुमाचाच. एक हुकूम देणाऱ्याचा, एक पोचवणाऱ्याचा.

जहाजांवरची ही पोशाखाची उतरंड आपल्या माणसांनी जवळून पाहिली होती. इंग्रजांच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, जेवणघरात वाढणारे गोव्याचे. खलाशांच्या म्होरक्याला ‘सारंग’ म्हणत. फारसी ‘सरहंग’ म्हणजे सेनानायक, त्यावरून हा शब्द आला. त्या सारंगाच्या गळ्यात चांदीची साखळी आणि शिटी असे. बोटीचा कप्तान गोरा, पण खलाशी हलत ते सारंगाच्या शिटीवर. अधिकाराला काहीतरी दिसणारी खूण लागते, मग ती चांदीची शिटी असो की सोनेरी फीत.

आणि ही गोष्ट दख्खनच्या माणसाला साहेबाने शिकवावी अशीही नव्हती. ‘शिरपाव’ हा शब्द आपण आज बक्षीस या अर्थाने वापरतो. ‘मानाचा शिरपाव’ म्हणून वर्तमानपत्रात मथळे येतात. तो मूळचा फारसी ‘सरोपा’, सर म्हणजे डोके आणि पा म्हणजे पाय. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. बादशहाने, सुलतानाने तो द्यायचा आणि सरदाराने अंगावर चढवायचा. पोशाख घेतला की चाकरी मान्य केली. आग्र्याच्या दरबारात १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराजांनी खिलत नाकारली, तेव्हा त्यांनी फक्त कापड नाकारले नव्हते. दरबारातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ तत्काळ कळला. गणवेशाचे नाते कामाशी जुळले ते फार उशिरा. त्याआधी ते मालकाशी होते.

नगर हे छावणीचे गाव, त्यामुळे गणवेशाचा दुसरा, कामाचा अर्थही इथल्या पोरांना लवकर कळतो. १९४८ साली रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला आले. त्या जवानांची काळी बेरे टोपी आम्ही लहानपणापासून पाहतो. ती काळीच का? पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या रणगाडा दलाला नवी टोपी ठरवायची होती. रणगाड्याच्या पोटात सगळीकडे तेल आणि वंगण. खाकी टोपी दोन दिवसांत कळकट होई. काठाची टोपी आत अडकून बसे. म्हणून बिनकाठाची, आणि डाग दिसू नयेत म्हणून काळी. १९२४ साली ती रीतसर मान्य झाली. आपल्या रणगाडा दलातले शीख जवान त्याऐवजी काळी पगडी बांधतात. रंग दलाचा, पगडी त्यांची. इतकी साधी सोय करायला कुणाला मोठे तत्त्वज्ञान लागले नाही.

माझे एक मामू भिंगारला शिलाईचे काम करत. छावणीतले कपडे त्यांच्याकडे येत. खांद्यावरच्या पट्टीचे काज बसवताना ते चष्मा पुसून घेत, कारण पट्टी अर्धा बोट इकडेतिकडे झाली तर कपडा परत येई. आमच्या दख्खनी बोलीत ते म्हणत, ‘सिपाही का नाप एकीच रैता, साब का हर दफे अलग.’ शिपायाला नेमून दिलेला कपडा बसलाच पाहिजे, साहेबाला मात्र कपडा बसवून द्यायचा. विमान कंपन्यांचा इतिहास वाचताना मला मामूंचे हे वाक्य फार उपयोगी पडले.

आता कप्तानाच्या अधिकाराकडे येऊ. तो अधिकार मोठा आहे, यात शंका नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमान त्याच्या ताब्यात असेपर्यंत अंतिम शब्द त्याचा. १९६३ साली टोकियोत एक करार झाला आणि भारताने त्यासाठी १९७५ साली कायदा केला. विमानातली सुरक्षितता आणि शिस्त राखण्यासाठी कप्तान वाजवी उपाय करू शकतो, दंगा करणाऱ्याला बांधून ठेवू शकतो, वाटेत विमान उतरवून त्याला पोलिसांच्या हवाली करू शकतो. जमिनीवर एवढा अधिकार एकट्या माणसाच्या हाती सहसा नसतो. पण त्या करारात गणवेशाबद्दल अवाक्षर नाही. कपडे काय असावेत हे कंपनी ठरवते. ते नियम कप्तानालाही लागू असतात. त्याची दाढी, त्याचे बूट, त्याची टाय हेही त्याच पुस्तकात असते. सहकाऱ्याचा पोशाख नियमाप्रमाणे नसेल तर तो सांगू शकतो, वर कळवू शकतो. पण तो बोलतो ते कंपनीच्या वतीने. त्याचा स्वतःचा, कायद्याने दिलेला अधिकार सुरक्षिततेपाशी सुरू होतो.

आणि सुरक्षितता म्हणजे मोघम शब्द नव्हे. आणीबाणीत विमानातून बाहेर पडायला हवेने फुगणारी घसरगुंडी असते. उंच टाचेची चप्पल तिला भोक पाडू शकते, म्हणून त्या वेळी टाचेचे बूट काढायला लावतात. काही कृत्रिम धागे आगीत वितळून कातडीला चिकटतात, म्हणून कापड कोणते हा प्रश्न खरा आहे. लोंबते दागिने कशात तरी अडकतात. इथे कुणी हुकूम केला तर तो कामाचा हुकूम आहे आणि मुकाट ऐकावा. घोटाळा होतो तो पुढे. कामासाठी केलेल्या नियमाच्या पाठीवर बसून मालकाची आवडनिवड आत शिरते आणि तिलाही आपण शिस्तच म्हणू लागतो.

विमानात बाईला पहिली नोकरी मिळाली तिथपासून हे दिसते. १५ मे १९३० रोजी एलन चर्च ही अमेरिकन परिचारिका सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंडहून शिकागोला जाणाऱ्या विमानात पहिली स्टुअर्डेस म्हणून चढली. तिला खरे तर वैमानिक व्हायचे होते. वैमानिकाचा परवानाही तिच्याकडे होता, पण बाईला विमान चालवायला कोण देणार? तेव्हा तिनेच सुचवले की विमानात परिचारिका ठेवा, लोकांची भीती कमी होईल. कंपनीने अटी घातल्या. परिचारिका हवी, अविवाहित हवी, वय पंचविशीच्या आत, उंची पाच फूट चार इंचांपेक्षा जास्त नको, वजन ११५ पौंडांपेक्षा कमी. विमाने बुटकी आणि हलकी होती, प्रवाशांना ओकाऱ्या होत, तेव्हा यातल्या काही अटींना अर्थ होता. पुढे महायुद्ध आले. परिचारिका आघाडीवर गेल्या आणि परिचारिका असण्याची अट सुटली. वयाची, लग्नाची, वजनाची अट मात्र राहिली. जी कामाची होती ती गेली आणि जी दिसण्याची होती ती टिकली. हे मला फार बोलके वाटते.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी तर त्या नोकरीला नावच दिले, ‘हवाई सुंदरी’. कुणी दिले, कधी दिले, माहीत नाही. पण ते रुळले. बसमधल्या कंडक्टरला कुणी ‘रस्ता सुंदर’ म्हटले नाही. त्याच विमानात तेच काम करणारा पुरुष मात्र ‘कर्मचारी’. एका शब्दात नोकरीची अट येऊन गेली.

आपल्याकडची गोष्ट जेआरडींपासून सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे पुस मॉथ विमान चालवत टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. त्या विमानात गणवेश बघायला दुसरे कुणी नव्हतेच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले. त्या काळात कंपनीच्या हवाई सुंदरी पाश्चात्त्य पद्धतीचे स्कर्ट आणि कोट घालत. कंपनीचा महाराजा मात्र १९४६ पासून फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन, कमरेत वाकून उभा होता. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचे चित्र. म्हणजे चित्रातला पुरुष देशी कपड्यात आणि खऱ्या बायका विलायती कपड्यात! १९६० साली बोइंग ७०७ जातीची जेट विमाने आली, पहिल्याचे नाव ‘गौरीशंकर’. त्याच सुमारास साडी आली आणि एअर इंडिया म्हटले की साडी हे समीकरण जगात झाले. जेआरडी स्वतः प्रवास करताना चहाच्या रंगापासून कर्मचाऱ्यांच्या टापटिपीपर्यंत टिपणे काढत आणि मुंबईच्या कचेरीत पाठवत. विमानात कप्तान होता, पण नजर अध्यक्षांची होती.

साडीत काम होईल का, अशी शंका घेणाऱ्यांना सरला ठकराल यांचे नाव सांगावे. १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले आणि वैमानिकाचा परवाना मिळवला. अंगावर साडी होती. कुणी नेसायला लावली नव्हती आणि कुणी सोडायला सांगितली नव्हती. एअर इंडियातली साडी मात्र नियमाची होती. दोन्ही साड्याच, पण मला त्या एक वाटत नाहीत.

पोशाखाचा नियम हळूहळू शरीराचा नियम होतो, हे एअर इंडियाच्या सेवानियमांनी दाखवून दिले. हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हाच. पहिले मूल राहिले तरी तेव्हाच. पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. तेच काम करणारा पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राही. नर्गेश मीर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली. गरोदरपणामुळे नोकरीवरून काढणे हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे त्यांनी बजावले आणि ती अट रद्द केली. संचालकांची बेलगाम मर्जीही रद्द केली. पण चार वर्षांच्या लग्नबंदीची अट कायम ठेवली आणि तिच्या समर्थनाला कुटुंबनियोजनाचा दाखला दिला! स्त्री-पुरुषांच्या सेवाशर्ती वेगळ्या ठेवण्यातही न्यायालयाला गैर दिसले नाही. निम्मा निकाल वाचून टाळ्या वाजवाव्यात आणि उरलेला वाचताना हात थांबावेत, असे ते निकालपत्र आहे.

बायकांच्या वजनावरची भांडणे तर पुढेही चालली. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची वजनाची अट योग्य ठरवली आणि पुढच्या वर्षी काही जणींची नोकरी गेली. दुसरीकडे अधिकाराची बाजूही कोर्टात लढवली गेली. विमानातल्या सेवक-वर्गाचा प्रमुख पुरुषच असायचा. बाई कितीही वर्षे जुनी असो, नव्या पुरुषाच्या वर जाऊ शकत नव्हती. २००५ साली कंपनीने हे पद स्त्रियांना खुले केले तेव्हा काही पुरुष सहकारी न्यायालयात गेले. आम्ही बाईच्या हाताखाली का काम करायचे, हा त्यांच्या गाऱ्हाण्याचा गाभा. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. साडी कशी नेसायची हे सुमारे पन्नास वर्षे सांगितले गेले, त्यानंतर हुकूम देण्याचा हक्क पक्का झाला.

आणि चार पट्ट्या बाईच्याच खांद्यावर असतील तर? नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला गेले. त्यात सगळ्या बायकाच होत्या. कप्तान होत्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. १ जानेवारी १९९० रोजी भसीन स्वतः जेट विमानाच्या कप्तान झाल्या. वय सव्वीस. ते विमान मुंबईहून औरंगाबादमार्गे उदयपूरला गेले, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात उतरले. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मी विसरू शकत नाही. त्या विमानात चढत तेव्हा सहकारी म्हणत, लवकर कॉकपिटमध्ये जा, प्रवाशांनी बाई वैमानिक पाहिली तर घाबरतील. ज्या गणवेशाचा जन्मच मुळी प्रवाशांची भीती घालवण्यासाठी झाला, तोच गणवेश बाईच्या अंगावर आला की लपवायचा! पॅन अमेरिकनच्या निळ्या कोटाची सगळी जादू तिथे संपली. २०२१च्या सुमारास भारतातल्या वैमानिकांत साधारण बारा टक्के स्त्रिया होत्या, अमेरिकेच्या दुपटीहून अधिक. आता त्यांना कुणी पळत आत जायला सांगत नसावे.

गणवेश फसवतोही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून आलेले पॅन अमेरिकनचे विमान कराचीत उभे होते. विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे कपडे घातलेले चौघे जण आत घुसले. वर्दी पाहून त्यांना अडवायला कुणी धावले नाही. (मराठीत ‘वर्दी देणे’ म्हणजे खबर देणे, इथे वर्दीनेच खोटी खबर दिली.) केबिनमधल्यांनी इशारा दिला आणि वैमानिक कॉकपिटच्या वरच्या झरोक्यातून बाहेर पडले. हे नियमाला धरूनच होते, वैमानिकच नसेल तर अपहरणकर्ते विमान नेणार कुठे? पण त्यामुळे चार पट्ट्यांचा माणूस विमानात उरला नाही. उरली ती वरिष्ठ पर्सर नीरजा भनोत, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेली. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून पासपोर्ट लपवायला लावणारी ती आणि तिच्या सहकारी, आणि गोळीबार सुरू झाल्यावर दार उघडून माणसे बाहेर काढणारीही तीच. मुलांना वाचवताना ती गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या सोळा-सतरा तासांत विमानाची कप्तान तीच होती, हे सांगायला पट्टी लागत नाही.

एका मुद्द्याला मी मुद्दाम शेवटी हात घालतो, कारण तो बोलताना लोक माझ्या नावाकडे बघतात. गणवेश आणि धर्म. १९१७ साली हरदितसिंग मलिक इंग्रजांच्या हवाई दलात वैमानिक झाले. पगडी सोडायला ते तयार नव्हते, तेव्हा पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण खास बनवून घेतले गेले. युद्ध चालू असताना, माणसाची गरज असताना, तोडगा निघतो. उलट, डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका मुसलमान जवानाची दाढीची मागणी नाकारली. ज्यांच्या धर्मात केस कापायलाच मनाई आहे त्यांना नियमात सूट आहे; इस्लाममध्ये तशी सक्ती असल्याचे दाखवले गेले नाही, असे न्यायालय म्हणाले. दलाची एकरूपता आणि शिस्त यांवरही भर दिला. माझ्या घरात दाढी ठेवणारे आणि रोज सकाळी ती उतरवणारे, दोघेही नमाज पढतात. त्यामुळे पहिला मुद्दा मला समजायला जड गेला नाही. मी अडखळलो ते दुसरीकडे. दाढीमुळे प्राणवायूचा मुखवटा तोंडावर नीट बसत नाही, ही वैमानिकांच्या दाढीविरुद्धची जुनी तक्रार. ती खरी असेल तर धर्म कोणताही असो, दाढी उतरवावी. कॅनडात एका विद्यापीठाने हे प्रयोग करून तपासले. नीट कापलेल्या दाढीने मुखवट्याला अडचण होत नाही असे दिसले, तेव्हा २०१८ साली एअर कॅनडाने वैमानिकांना दाढीची मुभा दिली. मला ही रीत पटते. ‘तुझा धर्म काय म्हणतो’ असे न विचारता ‘कामात अडचण येते का’ असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मौलवी आणि वकील लागतात, दुसऱ्याला एक मुखवटा पुरतो.

सक्तीला धर्म नसतो, हेही सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये एअर फ्रान्सने पॅरिस ते तेहरान विमानसेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा तिथे उतरताना स्त्री कर्मचाऱ्यांनी डोक्याला रुमाल बांधावा असे फर्मान निघाले. फ्रान्समधल्या संघटना उठल्या. शेवटी ज्यांना नको त्यांनी त्या मार्गावर जाऊ नये, दुसरी कामगिरी घ्यावी, अशी तडजोड झाली. माझ्या बहिणी डोक्यावर पदर घेतात, कुणाच्या सांगण्यावरून नाही. पण एका परक्या बाईला नोकरीसाठी ओढणी घ्यायला लावणारा आणि दुसरीला नोकरीसाठी ती काढायला लावणारा, हे दोघे मला एकाच टेबलाचे कारकून वाटतात. ब्रिटिश एअरवेजमध्ये तर नव्याने भरती झालेल्या स्त्री कर्मचाऱ्यांना साधी पॅन्ट घालण्याची परवानगी मिळवायला संघटनेला झगडावे लागले, ती मिळाली २०१६ साली. तिथे ना धर्म होता ना सुरक्षितता, फक्त सवय होती.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची नवी नियमावली वर्तमानपत्रांतून गाजली. टिकली लावायची तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. पांढरे केस रंगवलेले हवेत. ज्या पुरुषांना टक्कल पडू लागले आहे त्यांनी डोके रोज गुळगुळीत ठेवायचे. मनगटावर, गळ्यात, घोट्याला काळा किंवा धार्मिक धागा चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांनी आखलेला नवा पोशाख आला. त्यात साडी आहे, पण आधीच चुण्या घालून शिवलेली, झटकन चढवता येणारी, आणि हवी तर तिच्याबरोबर पॅन्ट. साठ वर्षांनी कुणीतरी विचारले की यात धावता येते का.

धाग्याचा नियम वाचताना मला आमचा जिल्हा दिसला. इथे शिर्डीचा धागा असतो, मढीच्या कानिफनाथांचा असतो, दर्ग्यावरून बांधून आणलेला असतो आणि कित्येकदा एकाच मनगटावर तिन्ही असतात. आमच्या भागातली एखादी मुलगी विमानात लागेल तेव्हा तिची आई निघताना तिच्या हाताला काहीतरी बांधणारच. कप्तानाला तो दिसेल. धाग्याने दार अडत नाही, मुखवटा निसटत नाही, घसरगुंडी फाटत नाही. कप्तानाने त्या वेळी हवामानाचा कागद वाचत राहावे, असे माझे मत आहे.